तालुक्याचं व्यसनमुक्ती क्लिनिक आणि क्लिनिकबाहेरची माणसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेनं तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस दारूमुक्तीचं क्लिनिक सुरू केलं, त्याला सहा महिने झाले. रुग्ण येतात. पण पोलीस ठाण्यातून रुग्णांची यादी मागितली जाते, सरपंचांना कार्यक्रम हवा असतो, देणगीदार यशाचा आकडा विचारतात, ग्रामीण रुग्णालय रुग्ण भरती करून घ्यायला कां कू करतं आणि बचत गटाच्या बायका म्हणतात, आधी दुकान बंद करा, मग औषधं द्या. या सगळ्यांना कसं सांभाळायचं?

तुमची अडचण ‘सांभाळायचं’ या शब्दातच आहे, असं मला वाटतं. ही मंडळी बाहेरची आहेत आणि त्यांना खूश ठेवलं की आपलं काम सुरळीत चालेल, असा त्याचा अर्थ होतो. मी या कामात 22 वर्षं आहे. पहिली सात वर्षं निवासी केंद्रात समुपदेशक होतो, नंतर ऊसपट्ट्यातल्या तालुक्यांत आठवडी क्लिनिक चालवली. निवासी केंद्राला फाटक असतं. महिना-सव्वा महिना माणूस आत, बायको रविवारी भेटायला येते, गाव फाटकाबाहेर. आठवडी क्लिनिकला फाटक नाही. आठवड्याच्या 168 तासांतला एखादा तास तो तुमच्यासमोर बसतो. उरलेला सगळा वेळ तो मुकादमासोबत, मेडिकलवाल्याच्या काउंटरवर, पारावर, भजनात आणि देशीच्या दुकानावरून जाणाऱ्या वाटेवर असतो. त्याचा उपचार तिथे चालू राहतो किंवा तिथेच मोडतो.

आणि सगळ्यांना निवासी केंद्रात पाठवणं हा मार्गच नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता, आणि भरती होऊन उपचार मिळालेला 180 जणांत एक होता. बाकीचे सगळे गावातच आहेत, पीत आहेत, कामावर जात आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर गावातल्या माणसांच्या हातूनच पोहोचावं लागतं.

मी दोन गोष्टी पाळतो. कुणाकडेही जाताना त्याच्या रोजच्या कामातलीच एखादी लहान गोष्ट मागायची. आणि रुग्णाचं नाव कुणालाही द्यायचं नाही, कितीही चांगल्या कारणासाठी मागितलं तरी. पहिली पाळायला अक्कल लागते, दुसरीला धीर.

ग्रामीण रुग्णालयापासून सांगतो, कारण माणसं मरतात ती इथे. तुम्ही अधीक्षकांकडे जाऊन ‘आमचे रुग्ण भरती करून घ्या’ म्हणालात, तर ते खाटांचा हिशेब सांगतील. त्यांचं चुकत नाही. तीस खाटा असतात, त्यातल्या बऱ्याच बाळंतिणींच्या. त्याऐवजी त्यांच्याच वॉर्डातली एक गोष्ट घेऊन जा. मोटरसायकलवरून पडून पाय मोडलेला माणूस भरती होतो. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप नाही. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, मोडक्या पायानं पळायला बघतो. नातेवाईक म्हणतात बाहेरचं काही लागलं, वॉर्डबॉय त्याला खाटेला बांधतो. तो रोज दोन-तीन निपा पिणारा होता आणि दोन दिवसांत थेंबही मिळाला नव्हता, एवढंच घडलेलं असतं. दारू एकदम तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असा भ्रम होऊ शकतो. वेळेत औषध दिलं नाही तर त्यात जीव जातो.

हे कुठल्याही रुग्णालयातल्या सिस्टरांना विचारा, प्रत्येकीनं पाहिलेलं असतं. आम्ही एका रुग्णालयात चार ओळींचा कागद सिस्टरांच्या टेबलावर काचेखाली ठेवला. भरतीच्या वेळी विचारा: दारू घेता का, रोज किती, शेवटची कधी घेतली. रोज घेणारा असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन (ब1 जीवनसत्त्व) द्या. हात थरथरायला लागले तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. हा कागद तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून त्यावर सही केली, म्हणून तो टिकला; आमच्या नावानं लावला असता तर पुढच्या बदलीत गेला असता. दोन महिन्यांनी सिस्टरच फोन करू लागल्या: ‘भाऊ, खाट नंबर अकरा तुमचा दिसतोय.’ त्यानंतर भरतीसाठी आम्हाला कधी भांडावं लागलं नाही. त्यांची रात्रपाळी आम्ही सोपी केली होती.

हीच माहिती पोलीस ठाण्यालाही लागते आणि तिथे ती कुणी दिलेली नसते. कोठडीतला माणूस दुसऱ्या दिवशी थरथरायला लागला की ठाण्यात सगळ्यांना वाटतं नाटक करतोय. ठाणेदारांशी पहिली भेट याच विषयावर घ्या. कोठडीत मृत्यू झाला तर काय होतं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यामुळे ते मन लावून ऐकतात. घाम, थरथर, असंबद्ध बडबड दिसली की रुग्णालय, एवढंच मागा.

आता यादीचं. गणपती आले, निवडणूक आली की विचारणा होतेच: तुमच्याकडे येणारे पिणारे कोण, नावं द्या, आम्ही लक्ष ठेवू. विचारणारा अधिकारी भला असतो, त्यात वाईट हेतू नसतो. तरीही द्यायची नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये दारू आणि इतर नशेतून होणारे मानसिक विकार येतात, आणि त्याच्या कलम 23 नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. हे नम्रपणे, लेखी सांगा, आणि त्याच पत्रात तुम्ही काय करू शकता तेही लिहा: ज्याला ठाण्यातून सोडताय त्याच्या हातात क्लिनिकचं कार्ड द्या, यायचं की नाही ते तो ठरवेल. गांजा किंवा ब्राउन शुगर घेणारी मुलं असतील तर आणखी एक गोष्ट ठाण्यात आणि घरच्यांनाही समजावून सांगा. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात कलम 64अ आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पुष्कळ आईबाप मुलाला क्लिनिकला आणत नाहीत ते नेमके पोलिसांच्या भीतीनं. ठाण्यात यादी गेली अशी नुसती कुणकुण लागली तरी ती मुलं पुन्हा दिसायची नाहीत.

पोलिसांच्याच बाबतीत एक सावधगिरी. बायको मारहाणीची तक्रार द्यायला येते आणि ठाण्यात तिला सांगतात, गुन्हा कशाला नोंदवता, त्याला व्यसनमुक्तीला घाला. या तडजोडीत क्लिनिकनं कधी सामील होऊ नये. दारू सुटेल तेव्हा सुटेल, मार आज बसतोय. तिची तक्रार वेगळी, त्याचा उपचार वेगळा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर तुमच्या टेबलावर असलाच पाहिजे, आणि त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटलेलं असलं पाहिजे.

सरपंचांबद्दल मी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या सरपंचांनी आम्हाला शाळेची खोली दिली, पाण्याची सोय केली, स्वतः दोन माणसांना घेऊन आले. मी त्यांच्यावर विश्वास टाकला. बोलता बोलता सांगून गेलो की तुमच्या वस्तीवरचा अमका तीन महिने प्यायलेला नाही, फार जिद्दीनं टिकलाय. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांनी त्या माणसाला व्यासपीठावर बोलावून शाल-नारळ दिला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. सरपंचांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पंधरा दिवसांनी एका लग्नात तो घसरला. एरवी तो दुसऱ्या मंगळवारी येऊन खाली मान घालून सांगता, आम्ही बसून पुन्हा सुरू केलं असतं. घसरणं या आजारात धरलेलंच असतं. पण आता सगळ्या गावासमोर शाल घेतलेली. तो आला नाही, आणि आम्ही घरी गेलो तर मागच्या दारानं निघून गेला. अकरा महिन्यांनी आला तेव्हा पोटात पाणी झालेलं होतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे. तो वाचला नाही. नाव मी उघड केलं होतं, सरपंचांनी नाही.

तेव्हापासून गावच्या पुढाऱ्यांकडे मी फक्त जागा, वेळ आणि एक घोषणा मागतो. ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून ‘अमुक वारी डॉक्टर येणार आहेत’ एवढंच. सत्कार करायचाच असेल तर शाळेतल्या मुलांचा करा, आशाताईंचा करा. वर्षभर दारू न प्यायलेल्याचा वाढदिवस आम्ही आमच्याच खोलीत साजरा करतो. तिथे बसलेला प्रत्येक जण त्याच वाटेवर असतो.

बचत गटाच्या बायकांचं म्हणणं मात्र पूर्ण ऐकून घ्या, कारण ते खरं आहे. दारात दुकान असेल तर आपल्या गोळीला फार अर्थ उरत नाही. महाराष्ट्रात गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानाबाबत गुप्त मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, पडली तर परवाना बंद होतो. ही लढाई बायकांची आहे, ती त्यांनीच लढवावी. क्लिनिकनं तिच्या पुढे उभं राहू नये असं माझं मत आहे. तुम्ही मोर्चाच्या पुढे दिसलात की पिणारा तुम्हाला दुकान बंद करणारा समजतो आणि यायचा थांबतो. पण बंदी कधीपासून लागू होणार ती तारीख तुम्हाला आधी कळली पाहिजे. ज्या गावात दुकान किंवा हातभट्टी अचानक बंद होते, तिथे पुढच्या तीन-चार दिवसांत थरथरणारे, फिट आलेले लोक निघतात. आम्ही अशा आठवड्यात आशाताईंना औषधाची नाही, फक्त लक्षणांची चिठ्ठी देतो आणि रुग्णालयाला आधी कळवतो. गडचिरोलीत 1993 पासून जिल्हाभर दारूबंदी आहे, तरी 2016 मध्ये ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानं मुक्तिपथ हे व्यसनमुक्तीचं अभियान सुरू झालं तेव्हा गावसंघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार हे तिन्ही सोबतच घ्यावे लागले. एकट्या बंदीनं माणसाची तलफ जात नाही, आणि दारोदार दारू असताना एकट्या उपचारानं गाव सुधारत नाही.

आणखी एक. बचत गटाच्या बैठकीत नवऱ्याच्या दारूवर बोलायला लावू नका. तिथे हप्त्याचा हिशेब असतो, जावा-नणंदा असतात, कर्ज मिळायचं असतं. ज्या घरात पैसा टिकत नाही तिला कर्ज द्यायचं की नाही, हा विचार लगेच सुरू होतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो, त्यामागचं शहाणपण हेच. चार बायका आल्या तरी चालतील, पण त्यांची बैठक वेगळी ठेवा.

मेडिकल दुकानदार हा मला सगळ्यात दुर्लक्षित माणूस वाटतो. दारू सुटण्याची गोळी म्हणून डायसल्फिरम पुष्कळ ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळते, आणि बायका ती कालवणात, चहात न सांगता घालतात. त्यांचा दोष नाही, त्या थकलेल्या असतात आणि कुणीतरी सांगितलेलं असतं. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर मरणही येतं. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीत आहे, जो स्वतः घेतोय, त्याला ती कुंपणासारखी उपयोगी पडते. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ते विष आहे. ‘पावडर द्या, आठ दिवसांत दारू बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत काय असतं ते तर विकणाराही सांगू शकत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये जा, चहा प्या, आणि इतकंच सांगा: गोळी मागायला बाई आली तर तिला रिकाम्या हातानं परत पाठवू नका, आमचं कार्ड द्या. आमच्या एका तालुक्यात सर्वांत जास्त बायका अशाच आल्या.

कीर्तनकार आणि वारकरी मंडळींविषयी शहरातून आलेले कार्यकर्ते जरा बिचकतात. बिचकू नका. गळ्यात माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसं महाराष्ट्रातल्या गावोगाव आहेत. पंढरीची वाट धरली की नवी संगत मिळते, संध्याकाळचा पिण्याचा तास भजनात जातो, घरात आणि गावात पत येते. एवढं सगळं आमच्या गोळ्यांच्या पाकिटात नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एक, रोज भरपूर पिणारा माणूस माळ घालून त्याच दिवसापासून एकदम दारू सोडतो, आणि वर सांगितलं तसा धोका उभा राहतो. म्हणून महाराजांना विनंती करायची, माळ घालायच्या आधी आठ दिवस त्याला आमच्याकडे पाठवा. दुसरी अडचण जास्त खोल आहे. घसरला की तो माळ काढून ठेवतो, आणि मग ‘आता सगळंच गेलं’ म्हणून पार बुडतो. आमच्या भागातल्या एका महाराजांशी मी हे बोललो. त्यानंतर ते कीर्तनात सांगू लागले की माळ तुटली तर ओवून घ्यायला या, लाजू नका. त्या एका वाक्यानं किती जण परत आले ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कारखाना आणि एमआयडीसीतले मालक हजेरी बघतात, मुकादम दिलेली उचल वसूल होते का ते बघतो. त्यांना सांगण्यासारखं एकच: पगाराचा दिवस सर्वांत धोक्याचा असतो, त्या दिवशी रोख हातात देऊ नका, खात्यावर टाका. उपचाराचा दाखला रुग्णानं स्वतः मागितला, लिहून दिलं, तरच द्या, आणि त्यात ‘अमुक तारखांना आला’ यापलीकडे एक शब्द नको.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेला गट जवळ असेल तर भाग्य समजा, पण त्यांना आपल्या कार्यक्रमाचा भाग करायला जाऊ नका. त्यांच्या परंपरेत बाहेरची देणगी आणि बाहेरचं नाव दोन्ही बसत नाही. खोली द्या आणि ते देतील ते थोडकं भाडं घ्या. फुकट देणं त्यांना अडचणीचं होतं.

खासगी निवासी केंद्रांकडे रुग्ण पाठवण्याआधी स्वतः जाऊन, न कळवता, एक दुपार तिथे बसा. गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी, बांधून ठेवणारी, मारणारी केंद्रं आहेत. तिथून परतलेल्यांच्या पाठी मी पाहिल्यात. 2017 च्या कायद्यानं अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केलीय आणि रुग्णाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण दिलंय. नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर कोणत्या वेळी येतात ते विचारा, आणि रुग्णांशी एकट्यानं बोलू देतात का ते बघा. नाही म्हणाले तर परत या.

आता देणगीदार. ते ‘सक्सेस रेट’ विचारतात, आणि शेजारची संस्था 80 टक्के सांगते म्हणून तुम्हालाही तसं काही सांगावंसं वाटतं. सांगू नका. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये प्रशिक्षित सामान्य माणसांकडून पुरुषांना दारूविषयी समुपदेशन दिलं. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत 26 टक्क्यांचं. आणि हे पुरुष पूर्ण व्यसनाधीन झालेलेही नव्हते. दहा टक्क्यांचा हा फरक जगभर मोठं यश मानला गेला. देणगीदारांसमोर हाच आकडा ठेवा, म्हणजे मोजमाप कसं असतं ते त्यांना कळेल. तुम्ही त्यांना तीन गोष्टी मोजून द्या: पहिल्यांदा आलेल्यांपैकी चौथ्या भेटीला किती आले, घसरल्यावर परत किती आले, आणि किती घरांतून बायको किंवा आई सोबत आली. तिसरा आकडा वाढतोय म्हणजे गावाचा विश्वास बसतोय. फोटो मागितले तर खोलीचा द्या, खुर्च्यांचा द्या, पाठमोऱ्या माणसाचाही देऊ नका. गावात माणूस पाठीवरून ओळखू येतो.

कुठून सुरुवात करू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पुढच्या आठवड्यात रुग्णालयातल्या सिस्टर आणि बाजारपेठेतले मेडिकलवाले, एवढेच करा. पोलीस ठाणं त्यानंतर. सरपंचांना महिनाभर थांबू द्या. क्लिनिक बाजाराच्या दिवशी नसेल तर तो दिवस बदला. बाजाराला आलो होतो असं सांगून माणूस तुमच्याकडे येऊ शकतो, त्याला घरीदारी दुसरं कारण द्यावं लागत नाही. आणि क्लिनिकची वेळ ठरवण्याआधी आगारात जाऊन वाड्या-वस्त्यांवर जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते ते विचारून घ्या. ती चुकली की रात्रभर स्टँडवर थांबावं लागतं, आणि स्टँडसमोरच देशीचं दुकान असतं.